पुढचा ॲक्सल बदलल्यावर ब्रेक पेडल मऊ लागतंय, मास्टर सिलिंडर बदलू का?

नका बदलू. निदान आत्ता तरी नको.

तुम्ही लिहिलंय की जुन्या पिकअपचा ड्रम ब्रेकवाला पुढचा ॲक्सल काढून डिस्क ब्रेकवाला बसवला, ब्रेकच्या तेलातली हवा बऱ्याचदा काढून झाली, तरी पहिला ब्रेक खाली जातो आणि दुसऱ्या पंपाला मिळतो. आणि मिस्त्री म्हणतो, मास्टर (पेडल दाबल्यावर चाकांकडे तेल ढकलणारा सिलिंडर) नवा टाका. हेच मी आमच्या दाजींच्या तोंडून ऐकलंय, म्हणून लिहायला बसलो.

माझी गाडी बेळगावची भाजी गोव्याला नेते. जांबोटी, कणकुंबी, मग चोर्ला घाट उतरून केरी, साखळी. पावसात त्या उतारावर पुढचे ड्रम भिजले की ब्रेक एकीकडे ओढायचा. म्हणून डिस्क घालून घ्यायचं ठरवलं. दाजींचं स्वतःचं गॅरेज आहे. त्यांनी भंगारातून चांगला ॲक्सल शोधून आणला, बसवला. गॅरेजच्या दारात पेडल एकदम घट्ट. रिकामी गाडी घेऊन जांबोटीच्या बाजूला निघालो. उखडलेल्या रस्त्यावरून गाडी आपटत गेली आणि पुढच्या वळणावर ब्रेक दाबला तर पेडल अर्ध्याच्या खाली. परत दाबलं, लागला. तिथूनच माघारी फिरलो. भरलेली गाडी घाटात असती तर काय झालं असतं, हा विचार आजही नको वाटतो.

दाजी म्हणाले, हवा राहिली असणार. हवा काढली, फरक नाही. मग म्हणाले, "मास्टर ड्रमचा आहे, कॅलिपरला तेल पुरत नाही." आता ही गोष्ट मुळात खोटी नाही. कॅलिपर म्हणजे डिस्कवर पॅड दाबणारा भाग; त्याचा पिस्टन ड्रममधल्या व्हील सिलिंडरपेक्षा खूप मोठा, त्याला तेल जास्त लागतं आणि बारीक बोअरच्या, म्हणजे आतून अरुंद, मास्टरवर पेडलची चाल वाढते. पण मी विचारलं, "दाजी, मास्टर लहान असता तर इथं दारातसुद्धा पेडल खाली गेलं असतं की हो. इथं चांगलं आणि खड्ड्यातून आल्यावर खराब, हे मास्टर कसं करेल?" यावर उत्तर मिळालं, "तू भाजी वाहा, ब्रेकचं आम्ही बघतो." नवा मास्टर आला, पैसे मी दिले, आणि दुखणं होतं तिथंच.

घरी येऊन पुढचं उजवं चाक जॅकवर घेतलं. वर आणि खाली हात धरून हलवलं तर ठक ठक. बायकोला पेडल दाबून धरायला सांगितलं आणि परत हलवलं. आवाज बंद, चाल बंद. ही परीक्षा ध्यानात ठेवा: पेडल दाबल्यावर चाकाची चाल गेली तर दोष हबच्या (चाकाच्या मधल्या भागाच्या) बेअरिंगचा, तरीही राहिली तर किंगपिन किंवा बॉल जॉइंट, म्हणजे चाक ज्यावर वळतं तो सांधा, बघायचा.

हब उघडला. आतल्या बेअरिंगचा कप, म्हणजे बाहेरची कडी, पूर्ण बसलाच नव्हता. मागं खांद्यापाशी जुन्या ग्रीसचा वाळून कडक झालेला काळा थर होता आणि कप त्यावर टेकला होता. दारात नट आवळला तेव्हा सगळं बरोबर वाटलं. खड्ड्यात धक्के बसले, थर दबला, कप मागं सरकला आणि प्ले, म्हणजे ढिलेपणा, आला. हब डुलला की डिस्क डुलते, डिस्क पॅडला ढकलते, पॅड पिस्टनला आत सारतो. मग पहिल्या पेडलचं तेल ते पिस्टन परत पुढं आणण्यातच जातं. दुसऱ्याला ब्रेक मिळतो तो म्हणून.

खांदा खरवडून साफ केला, पितळी सळईने कप चहूबाजूंनी ठोकत बसवला. पूर्ण बसला की ठोक्याचा आवाज बदलून भरीव होतो, तो कानाने कळतो. हब फिरवत नट आवळायचा, सैल करायचा, मग हलकाच टेकवायचा आणि लॉक वॉशरची कड वाकवायची. त्यानंतर पहिलं पेडल कधी खाली गेलं नाही. दाजी मात्र अजूनही चारचौघांत सांगतात की मास्टर टाकला म्हणून गाडी सुधारली.

तर तुम्ही आधी एवढंच करा. उभ्या गाडीत पंप मारून पेडल वर आणा, पाच मिनिटं थांबा, परत दाबा. वरच मिळालं आणि फक्त खराब रस्त्यानंतर खाली जात असेल तर जॅक लावून चाक हलवा. उभ्यानेही खाली जात असेल तर कॅलिपरचं हवा काढायचं निपल वरच्या टोकाला आहे का बघा. डावं-उजवं अदलाबदल झालं की निपल खाली येतं आणि कितीही हवा काढली तरी वरची हवा आतच राहते. ते ठीक असेल तर मागच्या ब्रेकचे लायनर (ड्रमला घासणाऱ्या पट्ट्या) ॲडजस्ट करा. हँडब्रेक थोडा ओढल्यावर पेडल वर आलं तर दोष मागच्या लायनरचाच, अर्थात हँडब्रेक मागच्या चाकांवर असेल तर. घाटात तापल्यावरच मऊ होत असेल तर ब्रेकचं तेल बदला. डॉट ३ दर्जाचं तेल नवं असताना किमान २०५ अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही, पण ओल शोषल्यावर ती हद्द १४० वर येते. उघडा पडलेला डबा वापरू नका.

एक राहिलं. पेडल दाबून धरल्यावर ते पायाखाली हळूहळू बसत जात असेल आणि बाहेर कुठंच गळती नसेल, तर मास्टर आतून गेलाय, तुमचा मिस्त्री बरोबर. मागच्या ॲक्सलवर लोडप्रमाणे चालणारा व्हॉल्व्ह असेल तर हवा काढताना मागची चाकं जमिनीवर ठेवा. एअर ब्रेकच्या ट्रकला यातलं काहीच लागू नाही. आणि ॲक्सल दुसऱ्या मॉडेलचा असेल तर मोटार वाहन कायदा १९८८ चं गाडीतल्या बदलांबद्दलचं कलम ५२ आहे, आरटीओत विचारून घ्या.

मिस्त्री तरीही ऐकत नसेल तर त्यालाच पेडलवर बसवा आणि चाक तुम्ही हलवून दाखवा. त्याच्या अंदाजावर मास्टरचे पैसे देऊ नका.