एकाच शेताचे दोन अहवाल

प्रश्न : निपाणीजवळच्या आमच्या शेतात बोअर मारण्यापूर्वी विद्युत पद्धतीने दोनदा तपासणी केली. एका अहवालात ओल्या थराची जाडी 10 मीटर आहे, दुसऱ्यात 20 मीटर. कोणाचे चुकले? (एक शेतकरी)

उत्तर : दोघांचीही मोजणी बिनचूक असू शकते. जमिनीत वीज सोडून पृष्ठभागावर विद्युतदाब मोजायचा आणि त्यावरून खालचे थर ओळखायचे, म्हणजे परिणामावरून कारणाकडे जायचे. वर कोरडा मुरूम व खाली अखंड काळा पाषाण असून मधला ओला थर खोलीच्या मानाने पातळ असेल, तर त्याची जाडी भागिले विशिष्ट रोध (पदार्थ विजेला किती अडवतो याचे माप, ओहम-मीटरमध्ये) एवढीच राशी मोजणीत नीट उमटते. 20 ओहम-मीटर रोधाचा 10 मीटर थर आणि 40 ओहम-मीटर रोधाचा 20 मीटर थर यांचा भागाकार सारखाच, 0.5, येतो. प्रश्न सुस्थित असण्यासाठी उत्तर अस्तित्वात असावे, ते एकमेव असावे आणि मोजमापातील किंचित फरकाने ते ढळू नये, हा विचार फ्रेंच गणितज्ञ झाक आदामार यांनी 1902 मध्ये मांडला. आपल्या शेताचा प्रश्न यांतील दुसऱ्या, म्हणजे उत्तर एकमेव असण्याच्या, अटीवरच अडतो. म्हणून अहवालात एकच आकडा देणे मला अपुरे वाटते; कोणती जाडी किती संभाव्य आहे, हेही त्यात असावे.

प्रश्न : बेझच्या पद्धतीत, म्हणजे आधीच्या शक्यता नव्या मोजणीने सुधारून घेण्याच्या संभाव्यतेच्या रीतीत, मोजणीपूर्वीच्या समजुतीला गणितात स्थान मिळते. हा पूर्वग्रहच नव्हे का? (शिक्षिका, खानापूर)

उत्तर : समजूत लपवली तर तो पूर्वग्रह ठरतो. रशियन गणितज्ञ तिखोनोव यांची प्रसिद्ध पद्धत मोजणीशी जुळणाऱ्या उत्तरांतून ‘लहान’ किंवा ‘गुळगुळीत’ उत्तराला झुकते माप देते; मोजणीतील त्रुटी आणि आपली पूर्वअपेक्षा ही दोन्ही गाउसच्या (घंटेच्या आकाराच्या) वितरणाने मांडली, तर बेझच्या नियमाने येणारे सर्वाधिक संभाव्य उत्तर नेमके तेच असते. म्हणजे गृहीतक दोन्हीकडे आहे. बेझच्या पद्धतीत ते उघडपणे लिहावे लागते आणि म्हणून तपासता येते. शेजारच्या विहिरीच्या भिंतीत दिसणारे थर ही अशी रास्त पूर्वमाहिती होय. मात्र निपाणीच्या बेसाल्टवरून (काळ्या पाषाणावरून) बांधलेली अपेक्षा गोकाकच्या वालुकाश्म-क्वार्ट्झाइटला लावली, तर गणित निर्दोष असूनही निष्कर्ष फसेल.

प्रश्न : तीच मोजणी शंभरदा केली, तर शंका मिटेल का? (अभियांत्रिकीचा विद्यार्थी, बेळगाव)

उत्तर : यादृच्छिक त्रुटी घटेल, पण जाडीविषयीची शंका जवळजवळ तशीच राहील. भौतिकशास्त्रज्ञ निकोलस मेट्रोपोलिस आणि सहकाऱ्यांच्या 1953 मधील, यादृच्छिक नमुने घेण्याच्या रीतीने संगणकावर हजारो संभाव्य थररचना काढून पाहा: 0.5 हा भागाकार अधिकाधिक पक्का होत जातो, जाडी मात्र लांबच लांब पट्ट्यात पसरलेली राहते, आणि त्या पट्ट्यातले उत्तर केवळ पूर्वअपेक्षेवर ठरते. अशा वेळी विजेऐवजी कंपनलहरींचा वेग मोजणारी अपवर्तन तपासणी करावी, कारण तो वेग रोधावर नव्हे, खडकाच्या घट्टपणावर अवलंबून असतो.