ठाणे खाडीत बोटीतून फ्लेमिंगो पाहायला दिवसाच्या कोणत्या वेळी जावे?

घड्याळ न पाहता भरती-ओहोटी पाहून जावे, आणि पाणी निम्मे चढलेले किंवा निम्मे उतरलेले असेल ती वेळ निवडावी. फ्लेमिंगो चोच उलटी धरून चिखलातील शेवाळ गाळून खातात. पूर्ण भरतीला हा चिखल बुडाल्यामुळे ते नवी मुंबईतील पाणथळींकडे विसाव्यास जातात, तर पूर्ण ओहोटीला ते खाडीत असले तरी उथळ पाण्यामुळे ऐरोलीहून बोट त्यांच्यापर्यंत पोहोचू शकत नाही. वेळ काढण्यास कोकणातील जुना हिशेब पुरतो: तिथीला तीनाने गुणून चाराने भागावे, येणारा आकडा म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. अष्टमीला सहाच्या सुमारास पूर्ण भरती आणि बाराच्या सुमारास ओहोटी येते, म्हणजे सकाळी नऊच्या आसपासची फेरी उत्तम. (कृष्ण पक्षातही प्रतिपदेपासूनच मोजावे.) मात्र हा हिशेब मुंबईच्या किनाऱ्याचा असून खाडीत आत पाणी थोडे उशिरा चढते, त्यामुळे फेरीची नेमकी वेळ वनविभागाच्या ऐरोली येथील केंद्राकडूनच निश्चित करून घ्यावी. अर्थात हे सारे हिवाळा ते मे या काळापुरते. पावसाळ्यात बहुतांश पक्षी निघून गेलेले असतात.