झाडाचं औषध आणि झाडाचा पाला

प्रश्न : आईला स्तनाच्या कर्करोगासाठी पॅक्लिटॅक्सेल सुरू आहे. मावशी म्हणते, सदाफुलीपासून कर्करोगाचं औषध बनतं, मग रोज चार पानं चावून खाल्ली तर काय बिघडतं?

उत्तर : बरंच बिघडतं. मावशींचं अर्धं खरं आहे. सदाफुलीतून व्हिन्क्रिस्टिन आणि व्हिनब्लास्टिन मिळतात, आम्ही ती वापरतोही. पण शिरेतून आणि मिलिग्रॅममध्ये मोजून. पानात ती किती उतरली आहेत, हे कोण मोजणार? शिवाय पानात इतर अल्कलॉइड्सही, म्हणजे शरीरावर जोरदार परिणाम करणारी वनस्पतिद्रव्यंही, असतात.

गंमत म्हणजे आईंचं औषधही मुळात झाडाचंच. पॅसिफिक यू या वृक्षाची साल १९६२ साली गोळा झाली, मनसुख वाणी आणि मन्रो वॉल या रसायनशास्त्रज्ञांच्या गटाने १९७१ मध्ये सालीतल्या या औषधी रेणूची रचना प्रसिद्ध केली, आणि अमेरिकेत मान्यता मिळायला १९९२ उजाडलं. तीही आधी अंडाशयाच्या कर्करोगासाठी.

आता खरी अडचण. पेशी दुभंगताना आत सूक्ष्मनलिका, म्हणजे पेशीला विभागायला मदत करणाऱ्या बारीक नळ्या, उभ्या राहतात. सदाफुलीतली ही द्रव्यं त्या बांधूच देत नाहीत; पॅक्लिटॅक्सेल बांधलेल्या सुटू देत नाही. नसांनाही (म्हणजे मज्जातंतूंना) याच नलिका लागतात, म्हणून दोन्हींनी नसा दुखावतात. बोटांना मुंग्या येत असतील, ब्लाउजचे हुक लावणं जड जात असेल, तर पुढच्या सलाइनआधीच सांगा. डोस बदलता येतो.

पानं खाऊन झाली असतील तर तेही सांगा. डॉक्टर रागावले तर रागावू द्यात.