बिटकॉइनसाठी वॉलेट: कनवटीचे पैसे आणि कपाटातले पैसे

नमस्कार. तुमचा प्रश्न दोनदा वाचला. दोन-अडीच वर्षं पगारातून दर महिन्याला थोडं बिटकॉइन आणि थोडं इथर (इथेरियमचं नाणं) घेतलंय, सगळं अजून एक्स्चेंजवरच, म्हणजे नाणी विकणाऱ्या कंपनीकडेच आहे. आता ते स्वतःकडे घ्यायचंय. काही भाग रोजच्या खर्चाला वापरायचा, उरलेला दहा-पंधरा वर्षं हात न लावता ठेवायचा. या दोन्हींसाठी एकच वॉलेट चालेल का, आणि कुठलं घ्यावं, असं तुम्ही विचारलंय.

एकच चालणार नाही. माझी आजी बाजाराला निघताना लागतील तेवढेच पैसे कनवटीला लावायची, बाकीचे कपाटात कुलपाआड. तुम्हालाही तेच करायचंय. मी 2019 पासून असंच करत आलोय. पण कुठलं ॲप, कुठलं यंत्र यावर लोक जितका वेळ घालवतात तितका घालवू नका. यंत्र बिघडलं, हरवलं, कंपनी बंद पडली, तरी आपण लिहून ठेवलेल्या गुप्त शब्दांवरून पैसे परत उभे करता येतात का, हे तुम्ही स्वतः करून पाहिलंय का, सगळं त्यावर आहे. ते पुढे सविस्तर सांगतो.

आधी खर्चाचं बोलू, कारण तिथे तुमचा थोडा गैरसमज आहे असं वाटतं. भारतात राहून बिटकॉइनने रोजचा खर्च करणं आज परवडत नाही. 1 एप्रिल 2022 पासून क्रिप्टोच्या नफ्यावर 30 टक्के कर आहे, त्यावर 4 टक्के सेस, आणि बिटकॉइन देऊन एखादी वस्तू घेणं हेसुद्धा विकण्यातच धरलं जातं. समजा 100 रुपयांना घेतलेल्या तुकड्याची किंमत आज 250 झाली आणि तेवढ्याची तुम्ही कॉफी प्यायलात. नफा 150, कर 45, सेस धरून 46 रुपये 80 पैसे. शिवाय त्या एका कॉफीची खरेदी किंमत, तारीख, त्या दिवसाचा भाव, हे सगळं रिटर्नमध्ये दाखवायचं. दुसऱ्या नाण्यात तोटा झाला असेल तर तो यातून वजा होत नाही. यूपीआय खिशात असताना हा व्याप कशाला? तेव्हा इथल्या किराण्याचा विचार डोक्यातून काढा.

तुम्ही लिहिलंय की कामानिमित्त युरोपात येणं-जाणं असतं. तिथे मात्र खर्चाचं वॉलेट उपयोगी पडेल. स्वित्झर्लंडमधल्या लुगानो शहरात बऱ्याच दुकानांत बिटकॉइन चालतं, पालिकेचा करसुद्धा त्यात भरता येतो. (तुमचं करासाठीचं वास्तव्य भारतातच असेल तर वरचा हिशोब तिथल्या कॉफीलाही लागू, हे लक्षात असू द्या.) अशा खर्चाला लायटनिंग नेटवर्क (बिटकॉइनचे झटपट व्यवहार करणारं जाळं) चालवणारं वॉलेट घ्या. साधा बिटकॉइन व्यवहार पक्का व्हायला सरासरी दहा मिनिटं लागतात, काउंटरवर तेवढा वेळ कोण थांबेल? लायटनिंगवर पैसे दोन-चार सेकंदांत पोचतात. फिनिक्स हे ॲप मला बरं वाटतं, कारण किल्ली, म्हणजे पैसे हलवू देणारा गुप्त आकडा, तुमच्याच फोनमध्ये राहते. काही लायटनिंग ॲप्स वापरायला याहून सोपी असतात, पण त्यात किल्ली कंपनीकडे असते, म्हणजे पुन्हा एक्स्चेंजसारखीच गत. इथरसाठी मेटामास्क हे वॉलेट बहुतेक ठिकाणी चालतं. रक्कम किती ठेवायची? गर्दीच्या लोकलमध्ये खिशात जेवढी रोख घेऊन चढायला तुम्हाला भीती वाटत नाही, तेवढीच. फोन चोरीला जातो, फोनमध्ये नको ते ॲप शिरतं. तेवढे गेले तर हळहळ वाटेल, पण घर चालू राहील. खर्चाच्या वॉलेटबद्दल याहून जास्त डोकं लावू नका.

आता कपाट.

एक्स्चेंजवर का ठेवायचं नाही, हे तुम्हाला बहुतेक पटलेलंच आहे, म्हणून थोडक्यात. टोकियोचं माउंट गॉक्स फेब्रुवारी 2014 मध्ये बुडालं तेव्हा साडेआठ लाखांच्या आसपास बिटकॉइन बेपत्ता होते. एफटीएक्स नोव्हेंबर 2022 मध्ये आठवड्याभरात कोसळलं. आपल्याकडे 18 जुलै 2024 ला वझीरएक्सवर हल्ला झाला, सुमारे 23 कोटी डॉलरची नाणी गेली, आणि ग्राहकांची क्रिप्टो वर्षाहून जास्त काळ अडकून पडली. त्या लोकांनी काही चूक केली नव्हती. पासवर्ड जपला होता, ओटीपी कुणाला दिला नव्हता. पण किल्ली दुसऱ्याकडे होती.

किल्ली हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. वॉलेटमध्ये नाणी नसतातच. नाणी म्हणजे जगभरच्या हजारो संगणकांवर एकसारख्या ठेवलेल्या खातेवहीतली एक नोंद. त्या नोंदीवर सही करण्याचा अधिकार ज्या गुप्त आकड्याला असतो तो आकडा म्हणजे किल्ली, आणि वॉलेट त्या किल्ल्या सांभाळतं. तो आकडा माणसाला लिहून ठेवता यावा म्हणून त्याचे सहसा 12 किंवा 24 इंग्रजी शब्द करतात. हे शब्द 2048 शब्दांच्या एका ठरलेल्या यादीतून येतात आणि बहुतेक वॉलेट्स तीच यादी वापरतात. म्हणून एका कंपनीच्या यंत्रावर तयार झालेले शब्द दुसऱ्या कंपनीच्या यंत्रात घालून पैसे सहसा परत मिळवता येतात. यंत्र बदलता येतं. शब्द गेले तर कुठल्याही हेल्पलाइनचा उपयोग नाही.

साठवणीसाठी हार्डवेअर वॉलेट घ्या. पेन ड्राइव्हएवढं छोटं यंत्र असतं, किल्ली त्याच्या आतच राहते, सही आतच होते, संगणकाला फक्त सही केलेला कागद मिळतो असं समजा. प्रागच्या ट्रेझरने 2014 साली पहिलं विकलं, पॅरिसचं लेजर आहे, कॅनडाचं कोल्डकार्ड आहे. कोल्डकार्ड फक्त बिटकॉइनसाठी आहे, तुमच्याकडे इथरही असल्यामुळे ते बाद. मी ट्रेझर वापरतो, कारण त्याच्या फर्मवेअरचा (यंत्राच्या आतल्या सॉफ्टवेअरचा) कोड कुणालाही वाचता येतो. पण लेजर घेतलंत तर चूक केलीत असं मी म्हणणार नाही. कुठलंही घ्या, कंपनीकडून किंवा कंपनीने नेमलेल्या विक्रेत्याकडूनच घ्या, आणि पार्सल घरच्या पत्त्यावर मागवू नका. 2020 मध्ये लेजरच्या दोन लाख सत्तर हजारांहून जास्त ग्राहकांची नावं, पत्ते, फोन नंबर चोरीला जाऊन उघड झाले. किल्ल्या सुरक्षित होत्या, पण कुणाच्या घरी क्रिप्टो असण्याची शक्यता आहे याची यादीच चोरांच्या हाती लागली, आणि पुढे काही जणांना टपालाने बनावट यंत्रंसुद्धा आली. डब्यात आधीच छापलेले शब्द मिळाले तर ते यंत्र वापरू नका. शब्द यंत्राने तुमच्यासमोर, त्याच्या स्वतःच्या स्क्रीनवर तयार करायचे असतात.

आता शब्द कुठे लिहायचे. फोटो काढायचा नाही, कारण फोटो क्लाउडवर जातो. व्हॉट्सॲपवर स्वतःला पाठवायचे नाहीत. मेलच्या ड्राफ्टमध्ये नाहीत. यंत्रासोबत आलेल्या कार्डावर पेनने लिहा, पण त्यावरच विसंबू नका. आपल्याकडच्या चार महिन्यांच्या पावसात कपाटातले कागद कसे होतात ते तुम्ही बघितलंच असेल.

मी भोसरीत एका टूलरूममध्ये काम करतो. डायवर (साच्यावर) नंबर मारायला आम्ही लेटर पंच, म्हणजे हातोडीने ठोकून अक्षर उठवायची पोलादी कांडी, वापरतो. त्याच पंचने मी शब्द स्टीलवर मारलेत. दोन मिलिमीटर जाडीच्या एसएस 304 च्या दोन पट्ट्या, प्रत्येकीवर बारा शब्द, तीन मिलिमीटरचा पंच. पूर्ण शब्द मारायची गरज नसते. यादीच अशी केलेली आहे की पहिल्या चार अक्षरांवरून शब्द पक्का ओळखता येतो. पट्टी रेल्वे रुळाच्या तुकड्यावर ठेवायची आणि एकाच घावात अक्षर उठवायचं. एसएस कडक असतं, पंच उसळतो, आणि दुसरा घाव घातला की दुहेरी छाप पडून अक्षर वाचता येत नाही. पंच कुठल्या बाजूने धरलाय तेही बघा. 'एम' उलटा पडला की 'डब्ल्यू' होतो, 'एन' आडवा पडला की 'झेड'. प्रत्येक शब्दाआधी त्याचा क्रमांक मारा, कारण क्रम चुकला तर शब्द बरोबर असूनही उपयोग नाही. हे स्टील 1400 अंशांच्या आसपास वितळतं, घराला लागलेली आग सहसा तितकी तापत नाही. पुरात बुडालं तरी अक्षरं जागच्या जागी.

माझ्या एका नातेवाइकाने विचारलं होतं, लग्नातल्या भांड्यांवर नाव घालून देतात त्या दुकानातून पट्टी करून घेऊ का? नको. ज्याने ते शब्द एकदा वाचले त्याच्याकडे तुमच्या पैशांची किल्ली गेली. हे काम रविवारी, घरी, एकट्याने करायचं.

सगळ्यात महत्त्वाची पायरी यानंतर येते, आणि तीच लोक गाळतात. यंत्रात पाचशे रुपयांचं बिटकॉइन टाका. मग यंत्र पूर्ण कोरं करा. मग फक्त पट्टीवरून किंवा कार्डावरून शब्द घालून ते पाचशे रुपये परत दिसतात का बघा. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा यंत्राने शब्द नाकारले. शेवटच्या शब्दात आधीच्या शब्दांची पडताळणी दडलेली असते, त्यामुळे एखादा शब्द चुकला तर ते जवळजवळ नेहमीच कळतं. पण कुठला चुकला ते कळत नाही. तासभर मी चोवीस शब्द एकेक करून तपासले. कार्डावर सतरावा शब्द 'कॅन' वाटत होता, तो होता 'कार'. दोन्ही यादीत आहेत, आणि माझ्या हस्ताक्षरात छोटा 'एन' आणि छोटा 'आर' सारखेच दिसतात. पाचशे रुपयांवर हे कळलं. ही तालीम न करता मी आयुष्याची बचत त्यात टाकली असती आणि पाच वर्षांनी यंत्र मेलं असतं, तर? वेल्समधल्या न्यूपोर्टच्या जेम्स हॉवेल्स यांची हार्ड ड्राइव्ह 2013 मध्ये कचऱ्यात गेली, तिच्यावर सुमारे 8000 बिटकॉइनची किल्ली होती. बिटकॉइनच्या खातेवहीत ती नोंद आजही आहे, सही करणारं कुणी नाही. आणि कार्ड नेहमी मोठ्या लिपीत लिहा, म्हणजे माझ्यासारखा 'एन' आणि 'आर'चा घोळ होणार नाही.

एक्स्चेंजवरून काढताना दोन गोष्टी. नेटवर्क विचारलं जाईल तिथे बिटकॉइनसाठी 'बिटकॉइन' हेच निवडा. शेजारी 'बीईपी-20' हे दुसरं नेटवर्क स्वस्त दिसेल, पण तिकडून येतं ते दुसऱ्याच साखळीवरचं, म्हणजे दुसऱ्याच खातेवहीतलं टोकन. आणि पत्ता कॉपी-पेस्ट केल्यावर यंत्राच्या स्क्रीनवरच्या पत्त्याशी ताडून बघा, नुसती सुरुवात आणि शेवट बघू नका, मधली अक्षरंही बघा. पत्ता गुपचूप बदलणारे व्हायरस आहेत, आणि टोकांची अक्षरं जुळणारे पत्ते मुद्दाम तयार करणारे चोरही आहेत. आधी थोडी रक्कम पाठवा, पोचली की उरलेली. स्वतःच्याच वॉलेटमध्ये हलवणं म्हणजे विक्री नव्हे, पण तारीख, रक्कम आणि व्यवहाराचा क्रमांक वहीत लिहून ठेवा, रिटर्न भरताना लागेल. तुमचं एक्स्चेंज नाणी बाहेर काढू देतं का, हे मात्र आजच तपासा. देत नसेल तर पुढची खरेदी तिथे करू नका.

चोवीस शब्दांवर आणखी एक गुप्त शब्द लावता येतो, किंवा तीन किल्ल्यांपैकी दोन लागतील अशी व्यवस्था करता येते. तुमची रक्कम घर घेण्याएवढी होईपर्यंत दोन्हींच्या वाटेला जाऊ नका. चोरापेक्षा स्वतःच्या विसरण्याने जास्त पैसे जातील. आणि टेलिग्रामवर, फोनवर, कुठल्याही वेबसाइटवर कुणी शब्द मागितले तर तो चोर आहे. कंपनीचा माणूस असल्याचं तो कितीही पटवून देवो.

एक मुद्दा तुमच्या प्रश्नात नाही, पण तुम्ही लग्न झालेले आहात म्हणून सांगतो. बँकेच्या खात्याला नॉमिनी असतो, या यंत्राला नसतो. माझ्या दोन्ही पट्ट्या घरात आहेत, शब्दांचा दुसरा पूर्ण संच बँकेच्या लॉकरमध्ये, आणि एका पाकिटात दोन पानी चिठ्ठी: यंत्र कुठे आहे, शब्द कुठे आहेत, कुणाला विचारायचं आणि कुणाला अजिबात विचारायचं नाही. चिठ्ठीत शब्द नाहीत. मागच्या दिवाळीनंतर एका रविवारी मी बायकोला सुटं, कोरं यंत्र दिलं आणि म्हणालो, मी घरात नाही असं समज. ती शाळेत मराठी शिकवते, क्रिप्टोशी तिचा काही संबंध नाही. चाळीस मिनिटं लागली, पण तिने एकटीने शब्द घालून शिल्लक स्क्रीनवर आणली. चिठ्ठीतलं एकच वाक्य तिला अडलं, 'शब्द घालताना यंत्राच्या स्क्रीनवर जो क्रम येईल त्याप्रमाणे'. आधीच्या पानावर मीच लिहिलं होतं की क्रम पट्टीवरचा धरायचा, मग खरा कुठला? ते वाक्य मी त्याच संध्याकाळी बदललं.