न्यायाधीश पार्कर आणि ७९ फाशी: दोष नेमका कुठे होता?

'हँगिंग जज' (फाशी देणारा न्यायाधीश) म्हणून ओळखला जाणारा एकोणिसाव्या शतकातला अमेरिकन न्यायाधीश आयझॅक पार्कर खरंच इतका क्रूर होता का, आणि शेवटी त्याला पदावरून काढलं का, असे दोन प्रश्न आलेत. दुसऱ्याचं उत्तर एका शब्दात: नाही. पहिल्याला मात्र जरा वेळ द्यावा लागेल, कारण पार्करवर जे आरोप होतात ते बहुतेक चुकीच्या जागी होतात.

माणूस मूळचा ओहायोचा, जन्म १८३८. वकिली केली मिझुरीतल्या सेंट जोसेफ गावात, तिथून दोनदा काँग्रेसवर, म्हणजे अमेरिकेच्या संसदेवर, निवडून गेला. १८७५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ग्रँटने त्याला आर्कान्सामधल्या फोर्ट स्मिथच्या फेडरल (केंद्र सरकारच्या) कोर्टावर नेमलं. आधीच्या न्यायाधीशाने लाचखोरीच्या आरोपांमुळे राजीनामा दिलेला, त्यामुळे कोर्टाची अब्रू पार गेलेली. आणि हद्द केवढी? शेजारचा जवळपास सगळा इंडियन टेरिटरी (अमेरिकेतल्या मूळ जमातींसाठी राखलेला प्रदेश), म्हणजे सुमारे ७४,००० चौरस मैल. चेरोकी, चॉक्टॉ, क्रीक वगैरे राष्ट्रांची स्वतःची न्यायालयं होती, पण बाहेरून तिथे घुसलेल्या गोऱ्या गुन्हेगाराला हात लावायचा अधिकार त्यांना नव्हता. त्याला पकडून आणायचं ते फोर्ट स्मिथलाच. पकडायला डेप्युटी मार्शल, म्हणजे कोर्टाचे पोलीस अधिकारी. त्यांना पगार नाही, मैलागणिक भत्ता. गुलामगिरीतून सुटून आलेला बास रीव्ह्ज हा त्यांतलाच.

आता फाशीचं. २१ वर्षांत पार्करने १६० जणांना देहदंड सुनावला, त्यांतले ७९ प्रत्यक्ष फासावर गेले. ३ सप्टेंबर १८७५ ला एकाच वधस्तंभावर सहा जणांना एकदम लटकावलं; देशभरच्या वृत्तपत्रांनी ते छापलं आणि नाव कायमचं चिकटलं. पण खून किंवा बलात्कार ज्युरीने सिद्ध मानला की त्या काळच्या फेडरल कायद्यात देहदंडच होता, न्यायाधीशाच्या हातात दुसरी शिक्षाच नव्हती. देहदंडाऐवजी जन्मठेप द्या, असं सांगायची मुभा ज्युरीला १८९७ साली मिळाली. तेव्हा पार्कर हयात नव्हता. त्यामुळे ७९ हा आकडा पुढे करून त्याला राक्षस ठरवणं मला पटत नाही.

माझ्या मते खरी भयानक गोष्ट वेगळी आहे. पहिली १४ वर्षं या कोर्टावर अपीलच नव्हतं. पार्करसमोर दोषी ठरलात की वाचवू शकणारा एकच माणूस, राष्ट्राध्यक्ष. आणि खटला उभा राहीपर्यंत आरोपी कुठे असत, तर कोर्टाच्याच इमारतीखालच्या तळघरात. दोन मोठ्या खोल्या, मधे दगडी भिंत, उजेड नावापुरता. शौचाच्या बादल्या वास वर निघून जावा म्हणून धुराड्याच्या खोबणीत ठेवत. तरी उकाड्यात तो दर्प वर न्यायदालनापर्यंत यायचा. सिनेटर डॉझ यांची मुलगी ॲना हिने ते तुरुंग पाहून लिहिलं, तेव्हा कुठे सरकार हललं आणि १८८८ मध्ये नवा तुरुंग झाला.

१८८९ च्या कायद्याने देहदंडाच्या खटल्यांत थेट सर्वोच्च न्यायालयात अपील करायची सोय झाली आणि चित्र पालटलं. फोर्ट स्मिथहून वर गेलेल्या देहदंडांपैकी सुमारे दोन तृतीयांश निकाल फिरवले गेले! त्यातून पार्करचा खरा दोष दिसतो. शिक्षेत त्याला निवड नव्हती, पण ज्युरीला कायदा समजावून सांगताना होती, आणि तिथे तो हात राखून बोलत नसे. ज्युरीला वाट दाखवलीच पाहिजे, असं तो उघड म्हणायचा. हेन्री स्टार या आरोपीच्या खुनाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाचे सरन्यायाधीश फुलर यांनी त्याच्या याच भाषणांवर कडक ताशेरे ओढले. पार्करही गप्प बसला नाही; वॉशिंग्टनच्या न्याय खात्याशी वृत्तपत्रांतून जाहीर भांडला. गुन्हेगार तांत्रिक मुद्द्यांवर सुटतात, ही त्याची तक्रार मनापासूनची होती, आणि बळींच्या बाजूने कुणी बोलत नाही हे त्याचं म्हणणंही मी झटकून टाकणार नाही. शेवटच्या आजारपणात तर तो म्हणाला होता की फाशी रद्द करायला आपली हरकत नाही, फक्त गुन्ह्यामागून शिक्षा, मग ती कुठलीही असो, नक्की आली पाहिजे.

त्याला काढलं नाही, पण त्याचा प्रदेश काढून घेतला. १ सप्टेंबर १८९६ पासून इंडियन टेरिटरीवरचा कोर्टाचा अधिकार संपला. त्या वेळी तो अंथरुणाला खिळलेला होता. १७ नोव्हेंबरला गेला.

आणखी एक खटला आवर्जून पाहा: अलेक्झांडर ॲलन. खुनाच्या घटनेच्या वेळी जेमतेम १४ वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा. त्याला पार्करच्या कोर्टाने तीनदा दोषी ठरवलं, सर्वोच्च न्यायालयाने दोनदा निकाल रद्द केला. तिसऱ्यांदा मात्र कायम केला. त्यात पार्करने ज्युरीला दिलेली एक सूचना होती: इतक्या प्रामाणिक सहकाऱ्यांना जी शंका पटत नाही ती रास्त आहे का, हे अल्पमतातल्या सदस्याने स्वतःला विचारावं. ज्युरीचं एकमत होत नसलं की अमेरिकेतल्या अनेक फेडरल कोर्टांत आजही या धर्तीची सूचना देतात, तिला 'ॲलन चार्ज' म्हणतात. काही राज्यांनी ती दबाव आणणारी म्हणून बंद केली आहे. तो निकाल आला ७ डिसेंबर १८९६ ला, पार्करला पुरून तीन आठवडेही झाले नव्हते.