वर्णभेदाच्या काळात दक्षिण आफ्रिकेतली चर्च नक्की कुणाच्या बाजूने होती?

खरं सांगायचं तर दोन्हीकडून. गोऱ्यांच्या डच रिफॉर्म्ड चर्चने १८५७ साली 'काहींच्या दुबळेपणामुळे' काळ्यांची प्रार्थना वेगळी भरवायला मोकळीक दिली, म्हणजे गोऱ्यांना शेजारी बसवत नव्हतं म्हणून काढलेली सोय, आणि पुढे बायबलचे दाखले देऊन तिचंच धोरण झालं. १९८२ ला ओटावात जागतिक रिफॉर्म्ड संघटनेने याला सरळ पाखंड ठरवलं आणि अध्यक्ष केलं अ‍ॅलन बोसाकना, ते त्याच चर्चच्या 'मिश्रवर्णीय' शाखेचे!

पण मला वर्णभेदाविरुद्ध लढणारे काळे अँग्लिकन बिशप डेस्मंड टुटू जास्त आठवतात. १९८५ ला जोहान्सबर्गजवळच्या डुडुझा या काळ्यांच्या वस्तीत अंत्ययात्रेनंतर जमाव एकाला पोलिसांचा खबऱ्या म्हणून जाळायला निघालेला, त्याची गाडी पेटवलेली, तर हे सोबतच्या बिशपांना घेऊन गर्दीत घुसले आणि त्याला बाहेर काढलं. नंतर लोकांना दमच भरला, परत असं केलंत तर देश सोडून जाईन.