‘आम्ही’ म्हणजे नक्की कोण?

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. आत्मचरित्राची ऐंशी पानं लिहून झाली. मुलगा म्हणतो, ‘यात देश कुठे आहे?’ म्हणून 1971चं युद्ध आणि आणीबाणी घातली, तर ती पानं वर्तमानपत्रातून उचलल्यासारखी वाटतात. शिवाय लग्नात माझं नाव बदललं. आधीच्या त्या मुलीबद्दल ‘मी’ लिहिताना हात अडखळतो. काय करू?

उत्तर : बाई, हात अडखळतो तिथेच थांबा आणि तेच लिहा. दया पवारांचं आत्मकथन ‘बलुतं’ (1978) आठवून पाहा. त्यात दगडू मारुती पवार आपली कहाणी सांगतो आणि ऐकणारा असतो दया पवार. माणूस एकच. दोन नावांमधलं अंतर लपवलं असतं, तर ते पुस्तक उभंच राहिलं नसतं. तुमचीही दोन्ही नावं राहू द्या.

देशाचं म्हणाल, तर ती उसनी पानं काढा. पेन्सिल घेऊन प्रत्येक ‘आम्ही’खाली रेघ ओढा आणि समासात लिहा, हे आम्ही म्हणजे कोण. मी माझ्या आठवणींवर हे केलंय. डिसेंबर 1971च्या ब्लॅकआउटबद्दल मी लिहिलं होतं, ‘आम्ही सगळे रेडिओला कान लावून बसलो होतो.’ समासात नावं घालायला गेलो : वडील, काका, मी, शेजारचे दोघं. आई नव्हतीच. ती स्टुलावर चढून खिडक्यांच्या काचांना काळे कागद चिकटवत होती आणि धाकटी बहीण खळीचं भांडं धरून खाली उभी होती. युद्धासाठी त्या रात्री आमच्या घरात जे काही काम झालं, ते या दोघींनी केलं. माझ्या ‘आम्ही’त नेमक्या त्याच नव्हत्या. जुनं वाक्य मी खोडलं नाही, त्याच्याखाली आईचं लिहिलं.

बेबी कांबळे यांनी तर पुस्तकाचं नावच ‘जिणं आमुचं’ ठेवलं. आत्मकथन एका बाईचं, पण नावात ‘माझं’ नाही. गावाने ज्या दलितांना कधी आपल्यात धरलं नाही, त्यांचं ते ‘आमुचं’ आहे. ते वाचल्यापासून ‘आम्ही भारतीय’ हे शब्द माझ्या हातून सहज उतरत नाहीत, आणि मला ते बरं वाटतं.

तुम्ही वर्षानुवर्षं मुलांकडून ‘भारत माझा देश आहे’ ही प्रतिज्ञा म्हणवून घेतली असेल. त्या रांगेत सगळ्यात मागे कोण उभं असायचं, कोण नुसतेच ओठ हलवायचं, ते तुम्हाला नक्की आठवत असेल. आणीबाणी काढून तिथे ते पान लिहा.